आधी फेरिस्त, मग कात्री



चित्रपट कशाने बनतो असे कोणालाही विचारले, तर तो कॅमेऱ्याचे नाव घेतो, नटाचे घेतो, दिग्दर्शकाचे घेतो. थोडा अधिक जाणकार असेल तर संकलकाच्या कात्रीचे घेतो. परंतु कॅमेरा थांबल्यानंतर आणि कात्री चालू होण्यापूर्वी मध्ये एक काम असते, त्याचे नाव कोणी घेत नाही. आलेला माल मोजून घ्यावयाचा, प्रत्येक तुकड्याला नाव द्यावयाचे, तो कोठे ठेवला याची नोंद करावयाची, आणि मागितल्याबरोबर तो हातात देता येईल अशी व्यवस्था लावावयाची, हे ते काम होय. आज हे काम संगणकावर होते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रफिती आणून सोडण्याला ‘इम्पोर्ट’ म्हणतात आणि त्या ज्या खणांत लावून ठेवावयाच्या, त्या खणांना ‘बिन’ म्हणतात. या कामाचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणाच्या मनात येईल. त्याला दोन कारणे आहेत. एक, हे काम करणारा बहुधा निनावी असतो, आणि निनावी श्रमाचा हिशेब मागणे हा आमचा धंदाच आहे. दुसरे, हे काम झाले नाही म्हणजे ज्यांचे नुकसान होते ते बहुतेक वेळा गरीब असतात. मोठ्या संस्थांना दप्तर असते, दप्तराला कारकून असतो. संपावर बसलेल्या माणसाला, पुरात घर गेलेल्या बाईला दप्तर नसते. तिच्याजवळ असतो तो एक मोबाइल, आणि त्यात नाव नसलेल्या शेकडो चित्रफिती.

सांगलीच्या हळदपेठेत ज्यांनी सौदा पाहिला आहे, त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. अडत्याच्या दारात पोती येऊन पडली म्हणजे लगेच बोली लागत नाही. आधी प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाचे वक्कल वेगळे लावले जाते. कोणाचा माल, किती पोती, कोणत्या अडत्याकडे, हे ठरते, आणि मग सौदा निघतो. वक्कले एकमेकांत मिसळली, तर उत्तम हळद असूनही शेतकऱ्याच्या हाती पैसा पडत नाही. हे वक्कल लावणारा हमाल आणि चिठ्ठी लिहिणारा दिवाणजी सौद्याच्या बातमीत कधी येत नाहीत. चित्रफितींचेही असेच आहे.

वाई, मिरज आणि सातारा

या कामाची परंपरा आपल्याकडे चित्रपटापेक्षा जुनी आहे, आणि तिची मोठी ठिकाणे याच दोन जिल्ह्यांत आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईस मिळालेल्या कागदांवरून. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हे शाळेत संस्कृत शिकवीत, आणि पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे वाचून, नकलून, कालानुक्रमाने लावीत. त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागद, चित्रे, पुस्तके यांचा मोठा संग्रह केला आणि ‘इतिहास संग्रह’ नावाचे मासिक चालविले.

या तिघांपुढे जो माल होता तो कसा होता, हे ध्यानात घ्या. मोडी कागद रुमालात बांधलेले. एका रुमालात शेकडो पत्रे. पुष्कळ पत्रांवर फक्त मुसलमानी महिना आणि चंद्र, म्हणजे तारीख घातलेली असे. सन नसे. ज्याने लिहिले त्याला सन ठाऊक होता आणि ज्याला लिहिले त्यालाही ठाऊक होता. मग तो लिहावयाचा कशाला? शंभर-दीडशे वर्षांनी पत्र उघडणाऱ्याला मात्र एकेका कागदाचे साल ठरविण्यासाठी डोके फोडून घ्यावे लागे. पत्रात कोणत्या मोहिमेचा उल्लेख आहे, कोण जिवंत आहे, कोण मेला आहे, यावरून साल ताडावयाचे. राजवाडे, खरे यांच्या श्रमांचा मोठा वाटा या एका गोष्टीत गेला आहे.

आणि तरीही त्यांचे काम होऊ शकले याचे श्रेय दुसऱ्या एका मंडळीला दिले पाहिजे. पेशवाईतल्या किंवा पटवर्धनांच्या कचेरीतल्या ज्या कारकुनाने ते कागद फेकून न देता रुमालात बांधले, वर फेरिस्त लिहिली, रुमाल कोरड्या जागी ठेवला, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. शास्त्रीबुवांचे नाव राहिले ते योग्यच झाले. परंतु त्या कारकुनाने आळस केला असता, तर शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेला हात घालावयास जागाच उरली नसती.

फिल्मची फीत आणि कापडी पिशवी

आता कागदावरून फिल्मकडे वळू. लुमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. कुस्ती म्हटले की सातारा-सांगलीचा माणूस कान टवकारतो. मराठी माणसाने टिपलेली ती पहिली कुस्ती आज आपल्याला पाहावयास मिळत नाही. फिल्म नष्ट झाली, आणि उरली ती केवळ तिची नोंद.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरात लागला. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती अंधारात यंत्राने पाडावी लागत. हे काम दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी केले. फिल्म धुण्याची रसायने कालविण्याचे कामही त्यांनीच केले, आणि शिवाय कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. भोके नीट पडली नाहीत तर फीत यंत्रात अडकते आणि चित्र उडते. म्हणजे आपल्या चित्रपटाचा पहिला धागा एका बाईने अंधारात बसून ओवला आहे.

बोलपट आल्यानंतर संकलनाची खोली हा एक वेगळा कारखानाच झाला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागते आणि हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. दोन तासांच्या चित्रपटाची लांबी १०,८०० फूट झाली. चित्रण जर त्याच्या दहापट केले असेल, तर १,०८,००० फूट, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर फिल्म त्या खोलीत येऊन पडते. सातारा ते वाई एवढी फीत जवळजवळ झाली! एवढ्या फितीतून हवी ती चौकट शोधावयाची कशी?

त्याचे उत्तर म्हणजे साधी शिस्त. चित्रण सुरू होताना पाटीवर दृश्याचा आणि वेळेचा आकडा लिहून कॅमेऱ्यापुढे ती आपटावयाची. तिचा आवाज आणि मिटलेली पाटी एकत्र जुळविली की आवाज आणि चित्र बरोबर बसते. फिल्मच्या कडेला कारखान्यातूनच क्रमांक छापलेले येत, ते वहीत उतरवून घ्यावयाचे. आणि कापलेले तुकडे ठेवण्यासाठी चाकांची एक चौकट असे. तिच्या वरच्या दांडीला बारीक खिळे आणि खाली कापडाची मोठी पिशवी. प्रत्येक खिळ्याला दृश्याची चिठ्ठी, त्या खिळ्याला तुकड्याचे एक टोक अडकवावयाचे आणि बाकीची फीत पिशवीत सोडावयाची. कापड यासाठी की फिल्मवर ओरखडा पडू नये. या पिशवीला इंग्रज-अमेरिकन कामगार ‘बिन’ म्हणत. सहायक संकलक दिवसभर या बिनपाशी उभा असे. संकलकाने हात पुढे केला की हवा तो तुकडा हातात पडला पाहिजे, हे त्याचे कसब. पडद्यावर त्याचे नाव आले तर आले.

आपल्या भागानेही ही खोली पाहिली आहे. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास गेली. सांगलीत मास्टर दीनानाथांच्या बळवंत मंडळीने १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला. प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आले. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी तेथे जन्मभर डबे गोळा केले, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज दिसतात, ते या चिकाटीमुळे. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यात आग लागली आणि नायट्रेटच्या जुन्या फिल्मचा मोठा साठा जळून गेला. नायट्रेट फिल्म म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. एक ठिणगी पुरते. एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवण्याचा धोका किती मोठा असतो, हे त्या आगीने दाखविले.

संगणकाचा रुमाल

फिल्म कापून जोडता येत असे. व्हिडिओची टेप आली तेव्हा कात्री बंद झाली. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने नक्कल करावी लागे. मधला एक तुकडा बदलावयाचा म्हणजे पुढचे सारे पुन्हा. ही अडचण संगणकाने दूर केली. अ‍ॅव्हिड कंपनीचे संकलनाचे यंत्र १९८९ साली पुढे आले, अडोबी प्रीमिअर १९९१ साली आणि अ‍ॅपलचे फायनल कट प्रो १९९९ साली. ‘द इंग्लिश पेशंट’ या चित्रपटासाठी वॉल्टर मर्च यांना १९९७ साली संकलनाचे ऑस्कर मिळाले. संगणकावर जोडलेल्या चित्रपटाला मिळालेले ते पहिलेच. आज याच जातीची सॉफ्टवेअर विनामूल्यही मिळतात, आणि कॉलेजातला मुलगा घरच्या संगणकावर ती चालवितो.

ज्यांनी ही सॉफ्टवेअर तयार केली, त्यांनी खणांना नवे नाव शोधले नाही. कापडी पिशवीचे ‘बिन’ हेच नाव ठेवले. पिशवी गेली, खिळे गेले, पण काम तेच उरले, हे त्यांना ठाऊक होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण नवशिक्याचा घोळ येथेच होतो. फाइल इम्पोर्ट केली म्हणजे ती सॉफ्टवेअरच्या पोटात गेली, असे आपण समजतो. तसे बहुधा होत नाही. सॉफ्टवेअर फक्त पत्ता लिहून घेते. अमुक डिस्क, अमुक फोल्डर, अमुक नाव. माल असतो तेथेच राहतो. हरिपूरच्या पेवात हळद ठेवावी आणि खिशात पावती बाळगावी, तसे हे आहे. पावती म्हणजे हळद नव्हे. मूळ फाइल कोणी दुसऱ्या फोल्डरात हलविली, तिचे नाव बदलले किंवा पेन ड्राइव्ह काढून घरी नेला, तर सॉफ्टवेअरला पत्त्यावर काही सापडत नाही, आणि पडद्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ अशी पाटी येते. मग माणूस म्हणतो की संगणकाने काम खाल्ले. संगणकाने काही खाल्लेले नसते. पेव आहे तेथेच असते, पावतीवरचा पत्ता तेवढा खोटा झालेला असतो.

म्हणून इम्पोर्टच्या आधीच काही कामे उरकली पाहिजेत. कॅमेऱ्याच्या कार्डावर जे फोल्डर असतात ते जसेच्या तसे, पूर्ण, डिस्कवर उतरवून घ्यावेत. आवडतील त्या फाइली वेचू नयेत. पुष्कळ कॅमेरे लांब चित्रणाचे तुकडे पाडतात, आणि ते कसे जोडावयाचे याची माहिती बाजूच्या फोल्डरात असते. नक्कल झाली म्हणजे ताळा पाहावा. फाइलींची संख्या आणि आकार दोन्हीकडे सारखे आले पाहिजेत. ‘हॅश’ नावाचा एक लांब आकडा संगणक काढून देतो. मूळ फाइलीत एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो. ताळा जमल्याशिवाय कार्ड पुसू नये.

मग नाव. कॅमेरा आपल्या मनाने नाव देतो, एक अक्षर आणि चार आकडे. दुसरा कॅमेराही तीच नावे देतो. दहा माणसांकडून चित्रफिती आल्या तर एकाच नावाच्या तीन-चार फाइली निघतात, आणि एकीवर दुसरी बसली की पहिली गेली. नावात वर्ष आधी घालावे, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग प्रसंग आणि शेवटी क्रमांक. ‘२०१९-०८-०७, सांगली, आयर्विन पूल, ०१’ असे. वर्ष आधी घातले म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमाने लागते. खरेशास्त्र्यांना जे काम आयुष्यभर पुरले, ते संगणक क्षणात करून देतो. मात्र साल आपण लिहिलेले असले पाहिजे.

येथे चंद्राचे कोडे नव्या वेषात पुन्हा येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीच्या नावात तारीख असते, पण ती चित्रण केल्याची नसते, निरोपाने हातात आल्याची असते. वाटेत फाइल बारीकही केली जाते, आणि मूळ फाइलीबरोबरची पुष्कळ माहिती गळून पडते. कॅमेऱ्यातले घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर तीही तारीख खोटी. तेव्हा मूळ फाइल मागून घ्यावी, आणि कोणी, कोठे, केव्हा, कोणत्या फोनवर टिपली हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. आज हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच आज लिहावयाचे. उद्या ते कोणालाच ठाऊक नसेल.

यानंतर बिन लावावयाचे. पहिली मांडणी मालाच्या येण्याप्रमाणे, म्हणजे दिवस, ठिकाण आणि कॅमेरा यांवरून. ती कधी मोडू नये. दुसरी मांडणी विषयाप्रमाणे, जसे भाषणे, मुलाखती, मोर्चा, यंत्रे, घरे. एकच तुकडा दोन बिनांत दिसू शकतो, त्यासाठी फाइलीची नक्कल करावी लागत नाही. वाईस तयार झालेल्या मराठी विश्वकोशात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाण्यासाठी ‘पहा’ म्हणून निर्देश दिलेले असतात. त्यातलाच हा प्रकार. तो विश्वकोश तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाला आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तेथेही आधी नोंदींच्या याद्या झाल्या आणि लेख नंतर लिहिले गेले.

कुंडल कोणत्या जिल्ह्यात?

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगतो. १९४३ ते १९४६ या काळात या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे तुफान सेनेने सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडविली. या चळवळीचे एक मोठे केंद्र कुंडल हे गाव. त्या वेळी कोणी तेथे कॅमेरा घेऊन फिरत नव्हते. परंतु पुष्कळ वर्षांनी, तुफान सेनेतील वृद्ध सैनिकांना लोकांनी कॅमेऱ्यापुढे बोलते केले. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने कुंडलच्या कॅप्टन भाऊ लाड यांची हकीकत अशीच नोंदवून ठेवली. ते आज हयात नाहीत. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाबाई पाटील २०२१ साली गेल्या. नोंद झाली ती वेळेवर झाली.

आता समजा, अशी एक चित्रफीत तुमच्या हाती आली, आणि तुम्ही तिला जिल्ह्याचे नाव देऊन खणात टाकली. जिल्हा कोणता घालाल? १९४३ साली कुंडल औंध संस्थानात होते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली असे ठेवले गेले. शेणोली मात्र कऱ्हाड तालुक्यात, साताऱ्यातच राहिली. म्हणजे एकाच चळवळीची एक फीत ‘औंध’मध्ये, एक ‘सातारा’त, एक ‘सांगली’त. त्यात कोणी ‘प्रतिसरकार’ लिहिणार, कोणी ‘पत्री सरकार’, कोणी ‘तुफान’ लिहिणार, कोणी ‘तूफान’. संगणक बापडा अक्षर ओळखतो, अर्थ ओळखत नाही. तुम्ही एक शब्द शोधाल आणि उरलेले तीन खण तुमच्यासाठी बंद राहतील. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

म्हणून नावात गाव घालावे, आणि बाजूच्या रकान्यात त्या काळचे संस्थान किंवा जिल्हा, आजचा तालुका-जिल्हा, आणि चळवळीची प्रचलित असलेली सगळी नावे लिहावीत. याला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे ज्याने दिली त्याने इतिहासाची सेवा केली, असे मी समजतो. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटते, पण एक पिढी दुसऱ्या पिढीला सापडते ती या कारकुनीमुळे.

न्यायालयापुढे

इतिहास पन्नास वर्षांनी विचारतो. न्यायालय लवकर विचारते. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद आपणांपैकी काहींना आठवत असेल. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा प्रश्न होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील व्हिडिओ चित्रण हा पुराव्याचा भाग होता. त्या प्रकरणात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी नियम स्पष्ट केला. मूळ यंत्रच न्यायालयापुढे ठेवले तर गोष्ट वेगळी. नक्कल ठेवावयाची असेल तर पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाप्रमाणे दाखला पाहिजे. मागूनही संबंधितांनी दाखला दिला नाही, तर न्यायालय त्याचा विचार करते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला आहे. त्याच्या ६३ व्या कलमात हाच विषय आहे, आणि दाखल्याच्या नमुन्यात हॅशचा आकडाही लिहावा लागतो.

कामगार न्यायालयात पुराव्याचे नियम इतके ताठ नसतात, हे खरे. परंतु प्रश्न तेथेही तेच विचारले जातात. हे चित्रण कोणाचे? कोणत्या दिवशीचे? मूळ कोठे आहे? मध्ये कोणी कापाकाप केली का? गेट मीटिंग झाली, पाळीवरच्या माणसांना आत घेतले नाही, दाराशी बाचाबाची झाली, तर आज पन्नास फोन वर होतात. दोन वर्षांनी तारीख लागते तेव्हा निम्मे फोन बदललेले असतात, काही विकलेले असतात, आणि ज्याच्याजवळ फीत आहे त्याला ती सापडत नाही. मालकाच्या बाजूला मस्टर असते, गेटबुक असते, आणि ते सांभाळणारा पगारी माणूस असतो. आमच्या बाजूला सत्य असते, पण त्याला वक्कल लावलेले नसते. सत्य असूनही हरणे ही फार कडू गोष्ट आहे, आणि ती टाळणे पुष्कळदा आपल्या हाती असते.

पूर आणि तिसरी प्रत

शेवटी आपल्या नदीविषयी. २००५ साली कृष्णेला महापूर आला तेव्हा कॅमेरे थोडे होते. हरिपूरची कितीतरी पेवे त्या पुरात गेली. २०१९ च्या ऑगस्टात पाणी त्याहून वर चढले, आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेले. ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसे बुडाली. त्या वेळी सबंध जिल्ह्याच्या हातात मोबाइल होता. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी किती पाणी होते, कोणाचे घर पडले, कोणाची जनावरे गेली, हे सारे टिपले गेले. या पुराइतके चित्रण आपल्या भागात आधीच्या कोणत्याही घटनेचे झाले नसेल. त्यातले आज, गल्ली आणि तारखेसह, मागितल्याबरोबर किती सापडेल? २०२१ साली पुन्हा पाणी आले. जुन्या पुराच्या चित्रफिती गल्लीवार लावलेल्या असत्या, तर पुढच्या पुरात कोणी केव्हा घर सोडावे, हे त्यांवरून सांगता आले असते.

त्याच २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ पाण्यात गेले. पुण्यातल्या आगीचा आणि या पाण्याचा धडा एकच आहे. जगभर या कामातले लोक एक साधा नियम पाळतात. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि निदान एक प्रत दुसऱ्या जागी असावी. आपण त्यात एवढीच भर घालू की ती दुसरी जागा पूररेषेच्या वर असावी. सांगलीची एक प्रत साताऱ्यात राहू द्या आणि साताऱ्याची सांगलीत. दोन जिल्हे एकेकाळी एकच होते, तेव्हा एवढा शेजारधर्म अवघड नाही.

हे काम कोणी करावयाचे? हौशी माणूस चार दिवस करील, पुढे नाही. माझे म्हणणे असे की प्रत्येक युनियनने, प्रत्येक वाचनालयाने, प्रत्येक मोठ्या मंडळाने एका माणसाकडे हे काम नाव घेऊन सोपवावे, आणि तो गरीब असेल तर त्याला त्याचा मेहनताना द्यावा. मोर्चाच्या एका फ्लेक्सचा खर्च वाचविला तर डिस्कच्या खर्चाला हातभार लागतो. फ्लेक्स आठ दिवसांत फाटतो. आणि त्या माणसाचे नाव अहवालात, चित्रपटात, पुस्तकात छापावे. पटवर्धनांच्या दप्तरातल्या कारकुनाला आपण ते देऊ शकलो नाही. फिल्मच्या बिनपाशी उभ्या असलेल्या सहायकांपैकी पुष्कळांना दिले नाही. निदान पुढच्या माणसाच्या बाबतीत तरी ही चूक होऊ नये.

मुलांना एडिटिंग शिकविणारे वर्ग आता गावोगाव निघाले आहेत. कापावे कसे, रंग कसे भरावे, गाणे कोठे लावावे, हे तेथे शिकवितात. ते शिकवावेच. परंतु पहिल्या दिवशी कात्री हातात देऊ नये. पहिल्या दिवशी मुलांना घरी पाठवून घरातल्या सगळ्या फोनवरच्या चित्रफिती आणावयास सांगावे, आणि आजीला शेजारी बसवून प्रत्येकीचे गाव, तारीख आणि माणसे वहीत लिहावयास सांगावे. जी नावे आजीला ठाऊक आहेत ती आजीबरोबर जावयाची आहेत, आणि ती विचारून घ्यावयास आपल्याजवळ फार वर्षे नाहीत.